इंग्रजी शिकवणं आणि तपासणं: या कामात शैक्षणिक करिअर करायचं असेल तर

सेमी इंग्रजीच्या आठवीतला एक मुलगा. पानांत अन्न कसं तयार होतं हे त्याला विचारलं, तर मराठीत धडाधडा सांगतो: सूर्यप्रकाश, हरितद्रव्य, कार्बन डायऑक्साइड, सगळं. तोच प्रश्न विज्ञानाच्या इंग्रजीतल्या पेपरात 'कारण देऊन स्पष्ट करा' अशा इंग्रजी सूचनेखाली आला आणि त्याला पाचपैकी दोन मिळाले. हे दोन गुण विज्ञानाचे की इंग्रजीचे?

शिक्षकांच्या खोलीत असा प्रश्न कुणी विचारत नाही. पेपरांचा गठ्ठा संपवायचा असतो. पण ज्याला तो सतावतो, त्याच्यासाठी या प्रश्नाभोवती एक आख्खी विद्याशाखा उभी आहे. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांना कसं शिकवावं आणि त्यांना किती येतं हे प्रामाणिकपणे कसं मोजावं, हा तिचा विषय. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत असे सुमारे ५० लाख विद्यार्थी आहेत, साधारण दहातला एक. त्यांच्यासाठी तिथल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा निघतात, संशोधन केंद्रं चालतात. आपल्याकडे मोजमाप हा भाग अजून बराचसा रिकामा आहे. इंग्रजीचे एमए पोत्यानं मिळतील, पण एखादी चाचणी काय मोजते हे आकड्यांनिशी सांगणारे बोटांवर मोजण्याइतके.

बीएड करून शाळेत लागलेले, एमए इंग्रजी करत असलेले किंवा तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवत 'पुढे काय' असा विचार करणारे, अशा वाचकांना समोर ठेवून हे लिहितो आहे. वाट लांब आहे, पण पायऱ्या ठरलेल्या आहेत.

आधी गल्ली ओळखा

आपल्याकडे 'इंग्रजीचा प्राध्यापक' म्हटलं की शेक्सपिअर आणि वर्ड्सवर्थ आठवतात. ती साहित्याची गल्ली. दुसरी गल्ली इंग्रजी भाषाशिक्षणाची: वर्गात काय करायचं, पाठ्यपुस्तक कसं बांधायचं, शिक्षक कसे घडवायचे. तिसरी भाषिक मूल्यमापनाची: चाचण्या तयार करणं, गुणांचा अर्थ लावणं, परीक्षेचा शिकवण्यावर होणारा परिणाम पाहणं. दुसरी आणि तिसरी शेजारी-शेजारी असल्या, तरी तिसरीत थोडी संख्याशास्त्राची भीती मोडावी लागते. साहित्यातून आलेले बहुतेक जण इथेच माघारी फिरतात, त्यामुळे टिकून राहणाऱ्याला जागा मिळते.

बीएडला मूल्यमापनाचा पेपर ज्यांनी मनापासून केला आहे, त्यांना याची बाराखडी माहीत असते: सप्रमाणता (जे मोजायचं तेच चाचणी मोजते का), विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तरी निकाल तोच येतो का), संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेचा आराखडा), आकारिक आणि संकलित मूल्यमापन (शिकताना होणारं आणि शेवटी होणारं), नैदानिक चाचणी (मूल नेमकं कुठे अडतं ते शोधणारी). हे शब्द परीक्षेपुरते पाठ करून सोडून दिले असतील, तर ती वही पुन्हा काढा.

पदवी कुठून घ्यायची

साधं एमए इंग्रजी झालं असेल तर घाबरू नका, ते पुरतं. फक्त त्यावर भाषाशिक्षणाचा थर चढवावा लागतो.

देशात या विषयाचं माहेरघर हैदराबाद. १९५८ मध्ये तिथे केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, १९७२ मध्ये तिच्यात परकीय भाषा आल्या आणि २००७ मध्ये ती इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ) नावाचं केंद्रीय विद्यापीठ झाली. भाषाशिक्षणातलं एमए, इंग्रजी शिकवण्याची पदव्युत्तर पदविका आणि पीएचडी तिथे होते. चाचणी आणि मूल्यमापन हा तिथे स्वतंत्र अभ्यासविषय आहे. त्याच शहरात हैदराबाद विद्यापीठात इंग्रजी भाषा अभ्यासाचं केंद्र आहे. बेंगळुरूची प्रादेशिक इंग्रजी संस्था १९६३ पासून दक्षिणेतल्या राज्यांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देते आहे. गुजरातेत वल्लभ विद्यानगरला एच. एम. पटेल इंग्रजी प्रशिक्षण संस्था आहे. भाषाविज्ञानाचा पाया पक्का करायचा असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आपल्या दारातच आहे.

नोकरी सोडून दोन वर्षं बाहेर राहणं जमत नसेल तर आधी लहान पात्रता घ्या. केंब्रिजचा सेल्टा हा सुमारे १२० तासांचा, प्रत्यक्ष वर्ग घ्यायला लावणारा अभ्यासक्रम आहे. तो महाग आहे आणि त्यानं आपल्याकडे प्राध्यापकपद मिळत नाही, पण खासगी भाषा-संस्था आणि परदेशी विद्यापीठं त्याला ओळखतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर पैसे खर्च करण्याआधी सरकारी प्रशिक्षणांत शिरा. छत्रपती संभाजीनगरची राज्य इंग्रजी संस्था, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांच्या भागीदारीतल्या तेजस प्रकल्पात शिक्षकांचे छोटे गट करून महिन्याच्या बैठका घेण्याची पद्धत रुजली. अशा गटाचं संयोजन ज्यांनी केलं, त्यांच्याकडे 'शिक्षक-प्रशिक्षणाचा अनुभव' हा रकाना भरायला खरा मजकूर असतो.

नेट-सेट: लवकर उरका

सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि नेट किंवा सेट (राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा), ही किमान अट. जुलै २०२३ पासून या पदाला पीएचडी सक्तीची नाही. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

इथे एक गंमत आहे. नेटच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात १० घटक आहेत. नाटक, कविता, कादंबरी, समीक्षा, सिद्धान्त, सांस्कृतिक अभ्यास यांनी बहुतेक जागा व्यापली आहे. भाषा आणि तिचं अध्यापन हा १ घटक, भारतातील इंग्रजी हा दुसरा. म्हणजे ज्याला आयुष्यभर आठवीच्या पोरांचं इंग्रजी अभ्यासायचं आहे, त्यालाही आधी कवी मिल्टन आणि सिद्धान्तकार देरिदा यांची जकात भरावी लागते. कुरकुर करण्यात वेळ घालवू नका. दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न २०० गुणांना असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा आणि मोकळे व्हा. तुमची पदव्युत्तर पदवी शिक्षणशास्त्राची किंवा भाषाविज्ञानाची असेल तर त्या विषयांतूनही नेट देता येते, आणि या क्षेत्राला ते जास्त जवळचं आहे. मात्र कॉलेजच्या जाहिरातीत जागा 'इंग्रजी'ची असते, त्यामुळे पुढे नेमकं कुठे अर्ज करायचा आहे हे ठरवूनच विषय निवडा.

वय ३० च्या आत असेल तर नेटमधूनच मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीवर डोळा ठेवा. २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये झाली आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थाही आपापल्या गटांतल्या पीएचडी करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून जात प्रमाणपत्र, वैधता आणि उत्पन्नाचे दाखले तयार ठेवलेले बरे.

पगाराचंही सांगून टाकतो. कायम सहायक प्राध्यापकाची सुरुवात शैक्षणिक स्तर १० मध्ये, मूळ वेतन ५७,७०० रुपये. सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी लागते. महाराष्ट्रात अनुदानित जागांची भरती वर्षानुवर्षं अडकते हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, आणि सीएचबीच्या (तासिका तत्त्वावरच्या) मानधनावर घर चालत नाही. शाळेची कायम नोकरी असेल तर पीएचडीच्या उत्साहात तिचा राजीनामा देऊ नका. या विषयात शाळा ही तुमची प्रयोगशाळाच आहे, ती कशाला सोडायची?

पहिली खरी पायरी: स्वतःची एक चाचणी उघडून पाहा

इथवर कागदपत्रं झाली. या क्षेत्रातला माणूस घडतो तो पुढच्या कामानं, आणि त्यासाठी कुठल्याही प्रवेशाची गरज नाही.

तुमच्या वर्गाची एक घटक चाचणी घ्या. समजा ४२ मुलं, २० वस्तुनिष्ठ प्रश्न. तपासून एकूण गुण वहीत चढवलेत की काम संपलं, असं आपण मानतो. इथे ते सुरू होतं. एक्सेलमध्ये प्रत्येक मुलाची एक ओळ आणि प्रत्येक प्रश्नाचा एक रकाना करा. बरोबरला १, चुकीला ०. तासाभराचं काम आहे.

आता प्रत्येक प्रश्नाची काठिण्य पातळी काढा. सातवा प्रश्न ४२ पैकी २९ जणांना आला, तर २९ भागिले ४२, म्हणजे ०.६९. प्रश्न सोपा-मध्यम म्हणायचा. पण हा आकडा अर्धंच सांगतो. मुलांची एकूण गुणांनुसार उतरती यादी करा. वरचे १४ आणि खालचे १४ वेगळे काढा, मधल्यांना सोडा. सातवा प्रश्न वरच्या १४ पैकी १२ जणांना आला आणि खालच्या १४ पैकी ११ जणांना. फरक १, त्याला १४ नं भागलं की ०.०७. ही त्या प्रश्नाची भेदनशक्ती, आणि ती जवळजवळ शून्य आहे. ज्याला वाचता येतं आणि ज्याला येत नाही, दोघंही हा प्रश्न सारखाच सोडवतात. ढोबळ हिशेब असा: ०.२ च्या खाली असेल तर प्रश्न संशयास्पद, ०.३ च्या वर गेला तर ठीक, ०.४ च्या वर चांगला.

मग सातवा प्रश्न ज्या उताऱ्यावर होता, त्याच्याकडे परत जा. प्रश्न होता, 'वाढदिवसाला मुलाला सायकल कुणी दिली?' आणि पर्याय होते वडील, पोस्टमन, डॉक्टर, दुकानदार. उतारा न वाचताही उत्तर येतं! मुलांनी वाचन दाखवलंच नाही, व्यवहारज्ञान दाखवलं. तुम्ही मात्र त्याला वाचनाचा गुण दिलात.

खरी मजा येते ती भेदनशक्ती उणे आल्यावर. अकराव्या प्रश्नात वरच्या गटातले ५ बरोबर आणि खालच्या गटातले ८. म्हणजे उणे ०.२१. हुशार पोरं चुकली आणि कच्ची बरोबर आली. दहापैकी नऊ वेळा दोष प्रश्नात किंवा उत्तरसूचीत असतो. 'मुलगा शाळेत का गेला नाही?' याला उत्तरसूचीत 'आजारी होता', पण पर्यायांत 'ताप आला होता' हेही होतं आणि उताऱ्यात शब्द तापाचाच होता. नीट वाचणाऱ्यांनी ताप निवडला. त्यांचे गुण गेले ते नीट वाचल्याबद्दल.

असे तीन-चार प्रश्न सापडले की माणूस स्वतःच्या जुन्या प्रश्नपत्रिका आठवून अस्वस्थ होतो. मी झालो होतो. ही अस्वस्थता जपून ठेवा आणि वर्षभर प्रत्येक चाचणीचं असं विश्लेषण करा. पुढे हेच काम मोठ्या प्रमाणावर करायला विश्वसनीयतेचा अल्फा गुणांक, रॅश प्रतिमान (मुलाची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य एकाच मापावर मांडणारं), आर सारखी संख्याशास्त्राची मोफत संगणक प्रणाली शिकावी लागते. पण ज्यानं ४२ मुलांचा तक्ता हातानं केला आहे त्याला रॅश समजायला आठवडा पुरतो, आणि ज्यानं केलेला नाही त्याला सूत्र पाठ होतं, कळत नाही.

दुसरं काम: दोन तपासनीस

पत्रलेखन किंवा निबंध घ्या. ३० उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स काढा. स्वतः तपासण्याआधी काढा, कारण लाल शाईचे गुण दिसले की दुसऱ्याचा हात त्याच आकड्याकडे वळतो. एका सहकाऱ्याला त्या द्या आणि दोघांनी स्वतंत्रपणे ५ पैकी गुण द्या. मग ताडून पाहा. ३० पैकी १२ पत्रांना दोघांनी तोच गुण दिला असेल, तर जुळणी ४० टक्के.

एक सापळा इथे आहे. दोघांच्या गुणांचा सहसंबंध (दोघांचे गुण एकत्र वर-खाली होतात का हे सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९ आला म्हणून खूश होऊ नका. सहकारी प्रत्येकाला तुमच्यापेक्षा नेमका एक गुण कमी देत असेल तरी सहसंबंध उत्तमच येईल. मुलांचा क्रम तोच राहील, पण ज्याचा पेपर कडक मास्तरांकडे गेला तो नापास होईल. सहसंबंध आणि कठोरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे न कळल्यामुळे घोटाळलेले प्रबंध मी वाचले आहेत.

यानंतर दोघांनी बसून पदनिश्चयन श्रेणी लिहा: ५ म्हणजे काय, ३ म्हणजे काय. मजकूर पोचला का, मांडणी, व्याकरण, शब्द असे वेगळे रकाने करा. अक्षराला गुण आहेत की नाही हे उघडपणे ठरवा, कारण न ठरवता सगळेच देतात. नव्या ३० पत्रांवर पुन्हा करून पाहा. जुळणी ४० वरून ६५ च्या आसपास गेली तर तुमच्या हातात एका छोट्या लेखाचं साहित्य आहे.

प्रश्न निवडणं

पीएचडीला विषय शोधताना बहुतेक जण '... तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या इंग्रजी संभाषण कौशल्याचा अभ्यास' असं काहीतरी उचलतात. प्रश्नावली वाटतात, टक्केवारी काढतात, शिफारशींत 'शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे' असं लिहितात. असे प्रबंध कपाटांत भरलेत, अजून एकाची गरज नाही.

चांगला प्रश्न वादात सापडतो. बेंगळुरूच्या त्याच प्रादेशिक संस्थेतून एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ दक्षिणेतल्या काही शाळांत प्रयोग केला. व्याकरणाचे नियम न शिकवता मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे, हिशेब अशी कामं इंग्रजीतून द्यायची. आज जगभर ज्याला कार्याधारित अध्यापन म्हणतात, त्याच्या मुळांशी हा प्रयोग आहे. त्याचं मूल्यमापन ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी केलं आणि १९८५ मध्ये छापलं. त्यांच्यापुढे अडचण अशी होती: व्याकरणाची चाचणी दिली तर जुन्या पद्धतीचे वर्ग पुढे जाणार, कामांची चाचणी दिली तर प्रयोगाचे वर्ग. चाचणी निवडली की निकालही निम्मा ठरला. म्हणून त्यांनी दोन्ही प्रकारच्या चाचण्या दिल्या, आणि जोडीला कुठल्याच बाजूला न झुकणाऱ्याही.

दुसरं उदाहरण शेजारच्या श्रीलंकेचं. तिथे शालान्त इंग्रजीची परीक्षा बदलली, आता शिकवणंही सुधारेल अशी आशा होती. चार्ल्स ॲल्डरसन आणि डायॲन वॉल यांनी वर्गांत बसून पाहिलं. शिक्षक काय शिकवतात ते परीक्षेप्रमाणे बदललं होतं. कसं शिकवतात ते मात्र फारसं बदललं नव्हतं. परीक्षेचा शिकवण्यावर होणारा असा परिणाम हा आता या शाखेतला स्वतंत्र प्रांत आहे.

आता हेच डोळे आपल्या राज्याकडे वळवा. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. दहावीला प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. गाइडं बदलली हे दुकानात दिसतं. वर्ग बदलले का, हे कुणी वर्गात बसून पाहिलं आहे? ८० गुणांच्या लेखी परीक्षेला जोडलेले अंतर्गत २० गुण आहेत. ते शाळाशाळांत कशावरून दिले जातात? आणि सुरुवातीचा तो सेमी इंग्रजीचा मुलगा. त्याच्या विज्ञानाच्या पेपरातली भाषा सोपी केली, किंवा सूचना मराठीत दिल्या, तर गुण वाढतात का? वाढले तर किती? अमेरिकेत जमाल अबेदी यांनी गणिताच्या शाब्दिक उदाहरणांतली भाषा सोपी करून असाच शोध घेतला. गणित तेच ठेवायचं, फक्त वाक्यरचना हलकी करायची. सेमी इंग्रजी ही महाराष्ट्राची स्वतःची व्यवस्था आहे. तिच्यावर असं काटेकोर काम करायला बाहेरचा माणूस येणार नाही, त्याला मराठी येत नाही. आपल्याला येतं, आणि या क्षेत्रात हे आपलं भांडवल आहे.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावामागची पदं पाहू नका, त्यांच्या गेल्या तीन विद्यार्थ्यांना भेटा. प्रबंधाचे मसुदे वाचून परत मिळतात का, किती दिवसांत, एवढं विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ आणि नेहमीच्या हिशेबानं कमाल ६ वर्षं मिळतात. नोकरी करून करणार असाल तर पहिल्या वर्षातच विदा (संशोधनाची कच्ची माहिती) गोळा करायला लागा. मुलांवर काम करताना मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती घ्या, तीही मराठीत लिहिलेली, पालकांना कळेल अशी. स्वतःच्याच वर्गावर संशोधन करत असाल तर नाही म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाचं काहीही बिघडणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहा.

वाचन, परिषदा, छापणं

१९६९ मध्ये स्थापन झालेली, चेन्नईत मुख्यालय असलेली एल्टाय ही इंग्रजी शिक्षकांची देशव्यापी संघटना आहे. सुरुवातीची मांडणी तिच्या परिषदेत करा, माणसं प्रेमळ असतात. मूल्यमापनाची आंतरराष्ट्रीय संघटना इल्टा. 'लँग्वेज टेस्टिंग' हे या विषयातलं प्रमुख नियतकालिक १९८४ पासून निघतं. 'लँग्वेज टेस्टिंग इन एशिया' सगळ्यांना मोफत वाचता येतं, सुरुवात तिथून करा. महिन्याला दोन लेख, पण वही घेऊन: त्यांनी प्रश्न काय विचारला, किती मुलं घेतली, मी असतो तर काय वेगळं केलं असतं.

तीन हजार रुपये भरा, आठवड्यात छापून देतो, असे निरोप व्हॉट्सॲपवर येतील. त्या कागदांनी अर्जातले रकाने भरतात, आणि जाणकार निवड समितीसमोर तेच कागद तुमच्या विरुद्ध साक्ष देतात.

बाहेरची वाट

अमेरिकेत या क्षेत्राला कायद्याचं बळ आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्रजीसाठी कसलीच मदत मिळत नव्हती. १९७४ मध्ये, लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की न समजणाऱ्या भाषेत सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. आज तिथे अशा प्रत्येक विद्यार्थ्याची दरवर्षी इंग्रजीची चाचणी घेणं संघराज्याच्या कायद्यानं बंधनकारक आहे. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातून चालणारा विडा हा अनेक राज्यांचा संघ त्यासाठी चाचण्या बनवतो. न्यू जर्सीत नव्यानं गेलेल्या मराठी आई-बाबांना याची ओळख शाळाप्रवेशाच्या अर्जातच होते. 'घरी कोणती भाषा बोलता' या प्रश्नाला त्यांनी अभिमानानं 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजीची प्राथमिक चाचणी होते, आणि पुण्याच्या इंग्रजी माध्यमातून आलेलं पोर असेल तर पालक चिडतात. ती प्रक्रिया मुलाच्या हक्कासाठी आहे हे त्यांना मराठीत समजावणारं कुणी तिथे असेल तर बरंच काही सोपं होतं.

तिथल्या प्राध्यापकाच्या जागा बहुतेक शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयांत निघतात आणि जाहिरातीत शाळेत प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव वारंवार मागितलेला असतो. झेडपीच्या शाळेतली सहा वर्षं इथे ओझं नसून ताकद आहे. ती अर्जात लपवू नका. पीएचडीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. अनेक ठिकाणी सहायकपद (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याचं काम) देऊन शुल्क माफ होतं आणि मासिक मानधन मिळतं, म्हणून स्वतःच्या पैशानं पीएचडी करण्याच्या भानगडीत पडू नका. ब्रिटनमध्ये लँकेस्टर आणि बेडफर्डशायर, ऑस्ट्रेलियात मेलबर्न ही मूल्यमापनाची जुनी ठाणी. पैशासाठी चेव्हनिंग (दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो), राष्ट्रकुल आणि खास इंग्रजी शिक्षकांसाठीची हॉर्नबी शिष्यवृत्ती पाहा. माध्यमिक शिक्षकांना काही आठवड्यांसाठी अमेरिकेत नेणारा फुलब्राइटचाही कार्यक्रम आहे.

परत यायचं असेल तर एक नियम लक्षात ठेवा. जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी असेल तर आपल्याकडे नेटमधून सूट आहे. विद्यापीठ निवडतानाच हे तपासा.

वाटेतली कमाई

पाच-सात वर्षांच्या या प्रवासात पैसे आणि अनुभव दोन्ही देणारी कामं असतात. परीक्षा मंडळांना आणि खासगी कंपन्यांना प्रश्नलेखक लागतात. आयईएलटीएससारख्या परीक्षांना प्रशिक्षित परीक्षक लागतात. प्रथम संस्थेशी जोडलेलं असर सर्वेक्षण घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावतं आणि काही वर्षी त्यात इंग्रजीची अक्षरं, शब्द, वाक्यंही होती. स्वयंसेवक म्हणून दोन दिवस त्यात घालवा. अंगणात उकिडवं बसून, शेजारी आजी ऐकत असताना, मुलाला एक वाक्य वाचायला लावणं म्हणजे काय हे तिथे कळतं. २०२३ मध्ये एनसीईआरटीत परख हे राष्ट्रीय मूल्यमापन केंद्र सुरू झालं आहे, त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

आयईएलटीएसचे क्लास घेणं हाही सोपा पैसा आहे, पण त्यात दोन वर्षांहून जास्त रमू नका. तिथे परीक्षेला कसं चकवायचं ते शिकवावं लागतं, आणि आपल्याला नेमकं उलटं काम करायचं आहे.

आता सुरुवात कधी करायची, तर तारीख ठरलेलीच आहे. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मी एका शाळेत तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका पाहायला गेलो. कपाट रिकामं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे गठ्ठे किलोच्या भावानं रद्दीत गेले होते आणि माझं एक प्रकरण त्यांच्याबरोबर गेलं. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा, लेखी अर्ज द्या, नावं झाकून आठवी-नववीच्या इंग्रजी आणि विज्ञानाच्या उत्तरपत्रिकांचे मोबाइलवर फोटो काढा. रद्दीवाला मे महिन्यात येतो.